ड्रेनेजच्या पंपाची विहीर: आत माणूस न उतरवता कशी चालवायची?

नाल्याकाठची

नमस्कार. मी नाशिकच्या कडेला एका नव्या वसाहतीत राहते. ९६ रो-हाउस आणि दोन इमारतींत मिळून ४८ फ्लॅट, अशी १४४ घरं. ताबा २०२२ मध्ये मिळाला. गेल्या वर्षीपासून सोसायटीची सेक्रेटरी मी आहे. शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे खाली एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्या.

आमची जमीन नाल्याकडे उतरती आहे आणि महापालिकेची ड्रेनेज लाइन वरच्या चौकात आहे. त्यामुळे सगळ्या घरांचं मैल्याचं पाणी आधी खालच्या कोपऱ्यातल्या विहिरीत येतं आणि तिथून पंपाने ६४० मीटर लांबच्या चेंबरमध्ये चढवलं जातं. विहीर गोल, आतून अडीच मीटर व्यासाची, सहा मीटर खोल. त्यात पाच हॉर्सपॉवरचे दोन पंप पाण्यात बुडवून ठेवलेत. फ्लॅट घेताना आम्हाला क्लब हाउस दाखवलं, बाग दाखवली, ही विहीर कुणी दाखवली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री एक पंप दुरुस्तीला गेलेला होता आणि दुसरा अडकला. साडेनऊच्या सुमारास खालच्या ओळीतल्या घरांच्या न्हाणीतून पाणी वर यायला लागलं. ठेकेदार दोन मुलं घेऊन आला. त्यातला एक एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्याने तोंडाला रुमाल बांधला, कमरेला नायलॉनची दोरी बांधली आणि शिडीवर पाय ठेवला. मी त्याला वर घेतलं. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे, दर वेळी हाच उतरतो." मी नाही म्हटलं. मग मैल्याचे टँकर मागवले, पहाटे अडीचपर्यंत उपसा चालला, आणि तोवर चार घरांत घोट्यापर्यंत घाण पाणी होतं. एका काकूंच्या देवघरात शिरलं. त्या माझ्याशी अजून बोलत नाहीत.

"दर वेळी हाच उतरतो" हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणजे तीन वर्षं आमच्या घरातली घाण काढायला तो मुलगा खाली जात होता आणि मला माहीतही नव्हतं.

आता प्रश्न. पंप अडकला की आत न उतरता तो बाहेर कसा काढायचा? मुळात इतका का अडकतो? विहिरीजवळच्या घरांना दिवसभर वास येतो, तो याच्याशीच जोडलेला आहे का? आणि वीज गेली तर आपल्याकडे किती वेळ असतो? जनरेटर आहे, पण त्यावर फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे आहेत. बिल्डर म्हणतो विहीर सोसायटीकडे दिली, आता तुमचं तुम्ही बघा.

सेवानिवृत्त उपअभियंता

ताई, त्या मुलाला थांबवलंत ते योग्यच केलंत. हे आधी लिहितो, कारण तुमच्याकडे कुणी तुम्हाला ते सांगितलेलं दिसत नाही.

मी जलनिःसारणाच्या कामात एकतीस वर्षं काढली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी स्वतः अशाच एका विहिरीत डोकावायला चार पायऱ्या उतरलो होतो. सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. मग तो येईनासा झाला. मला वाटलं, हवा बरी आहे खाली. वर उभ्या असलेल्या फोरमनने मला शर्टाची कॉलर धरून ओढून काढलं. हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेत १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेला की नाक बधिर होतं. वास गेला असं वाटतं तेव्हाच तो वाढलेला असतो. ७०० च्या पुढे काही श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो, आणि गाळ पायाने ढवळला की एकदम सुटतो. रुमालाने धूळ अडते, वायू अडत नाही. पहिल्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही तिथेच राहतो. अशा अपघातांत दोन-तीन जण एकदम जातात ते यामुळे.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात गटाराच्या धोकादायक सफाईसाठी माणूस 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' कामाला लावणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठेकेदाराने उतरवला, आमचा काय संबंध, असं सोसायटीला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पुढच्या सभेत हे वाचून दाखवा.

बाकी उत्तर देण्याआधी मला चार मापं हवीत. घरांकडून येणारा पाइप विहिरीत किती खोलीवर उघडतो. पंप कोणत्या पातळीला चालू होतो आणि कोणत्या पातळीला बंद. एकदा चालू झाला की किती मिनिटं चालतो. आणि चौकाकडे जाणारा पाइप किती मिमीचा आहे. सगळं वरून, टेप आणि टॉर्च घेऊन मोजता येतं. झाकणावर वाकू नका, वाऱ्याच्या बाजूला उभ्या राहा, सोबत कुणी तरी असू द्या.

वायंडिंगवाला, सातपूर

ताई, मी पंप दुरुस्त करतो, दुकान सातपूरला. पंप दोरीने लटकवलाय आणि वर रबरी होज जोडलाय, असंच आहे ना? नव्या वसाहतींत मी बऱ्याच ठिकाणी हेच बघितलंय. मलपाण्याचा पाच हॉर्सपॉवरचा पंप ही दोन माणसांनी हाताने सहा मीटर वर ओढायची वस्तू नाही. म्हणून मग माणूस खाली जातो आणि तिथेच पंप आडवा करून जाळीतून कपडा उपसतो.

बरोबर पद्धत अशी. विहिरीच्या तळाला एक बेंड, म्हणजे पाइपाचं वळण, पक्का बोल्ट केलेला असतो, त्याला आम्ही डक-फूट म्हणतो. तिथून वरपर्यंत दोन उभे गाइड पाइप. पंपाला साखळी. साखळीला वरून चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) लावून ओढलं की पंप बेंडवरून सुटतो आणि गाइडवरून सरळ वर येतो. साफ केला, परत सोडला, की स्वतःच्या वजनाने जागेवर बसतो. नटबोल्ट खोलायला खाली जावं लागत नाही. याला ऑटो कपलिंग म्हणतात.

इम्पेलरमधून, म्हणजे पंपातल्या फिरणाऱ्या चाकातून, काय निघतं तेही सांगतो: सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले वाइप्स, फरशीचं फडकं, केसांचे गुंते. वाइप्सच्या पाकिटावर फ्लश करा म्हणून लिहिलेलं असतं, पण ते पाण्यात विरघळत नाहीत. एकमेकांना पिळून त्यांचा दोर होतो. ८० मिमीचा गोळा आरपार जाईल असा पंप घेतला तरी हा दोर अडकतोच. घराघरांत सांगा.

अजून एक बघा. पंप बंद झाल्यावर विहिरीत पाणी पडल्याचा आवाज येतो का?

नाल्याकाठची

दादा, येतो! बराच वेळ येतो. मला वाटायचं घरांकडूनच येतंय.

काका, रविवारी मोजलं. येणारा पाइप जमिनीपासून ३.४ मीटर खाली उघडतो, म्हणजे तळापासून २.६ मीटरवर. पंप तळापासून अडीच मीटरला चालू होतो आणि ४० सेंटिमीटरला बंद होतो. चालला की साधारण पस्तीस मिनिटं चालतो. चौकाकडचा पाइप काळा, प्लॅस्टिकचा, त्यावर १६० छापलंय. आणि एक गोष्ट विचारली नव्हतीत, पण सांगते. झाकणाच्या स्लॅबच्या खालच्या बाजूचं सिमेंट काठीने खरवडलं तर निघतं, आतली खडी दिसते. तीन वर्षांत असं होतं का?

सेवानिवृत्त उपअभियंता

फार नीट मोजलंत. आता आपण मिळून हिशोब करू, कारण वास आणि वीज या तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या आकड्यांत आहेत.

१४४ घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे ७२०. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला येतं. दिवसाला सुमारे ७८ हजार लिटर, म्हणजे सरासरी सेकंदाला ०.९ लिटर. एवढ्या लहान वस्तीला सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट धरायचं: २.७ लिटर.

आता विहीर. अडीच मीटर व्यास म्हणजे एक मीटर उंचीला ४.९ हजार लिटर. तुमचा पंप ४० सेंटिमीटरपासून अडीच मीटर भरेपर्यंत थांबतो, म्हणजे १०,३०० लिटर साठवून मग चालतो. ०.९ लिटरने एवढं भरायला तीन तासांहून जास्त लागतात. रात्री तर सगळी रात्र. केंद्र सरकारच्या मलनिःसारण संहितेप्रमाणे, म्हणजे आम्ही ज्याला सीपीएचईईओ मॅन्युअल म्हणतो त्याप्रमाणे, सरासरी प्रवाहाला विहिरीत पाणी ३० मिनिटांपेक्षा जास्त राहू नये. तीन तास थांबलेलं मैल्याचं पाणी सडतं, प्राणवायू संपतो आणि तोच हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. शेजारच्यांना येणारा वास तो हाच. स्लॅबची झीजही त्याचीच. ओलसर काँक्रीटवर जिवाणू या वायूपासून गंधकाम्ल करतात आणि आम्ल सिमेंट खातं. तीन वर्षांत होतं, ताई. त्या झाकणावर मुलं खेळत असतील तर आजच कठडा करा.

आणि आता वीज. पंप अडीच मीटरला चालू होतो, येणारा पाइप २.६ ला आहे. म्हणजे पंप चालू व्हायच्या वेळी तुमच्या हातात फक्त दहा सेंटिमीटर उरतात, ४९० लिटर. सकाळी आठला त्या क्षणी वीज गेली तर तीन मिनिटांत पाणी पाइपात मागे चढायला लागणार. त्या शनिवारी असंच झालं असणार.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. चालू करणारा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, अडीच मीटरवरून ७० सेंटिमीटरवर आणा. फ्लोटची केबल वर पॅनेलजवळच्या (पंपाच्या विजेच्या पेटीजवळच्या) हुकाला बांधलेली असते, तिथून लांबी बदलता येते. बंद होण्याची पातळी ४० च ठेवा. मग ३० सेंटिमीटरचा टप्पा, सुमारे १,४७० लिटर, सत्तावीस मिनिटांत भरतो आणि पाच मिनिटांच्या आत उपसला जातो. तासाला दोनदा पंप सुरू होईल, मोटरला त्याने काही होत नाही. वास पहिल्या आठवड्यात कमी झालेला कळेल. आणि ७० सेंटिमीटरपासून २.६ मीटरपर्यंतची जागा रिकामी राहील: ९,३०० लिटर. म्हणजे वीज गेली किंवा पंप अडकला तर सकाळच्या गर्दीत तासाभराची सवड, एरवी पावणेतीन तासांची. मी कितीतरी ठिकाणी हे बघितलंय. पंप बसवणारा माणूस 'मोटर सारखी सुरू-बंद नको' म्हणून फ्लोट वर बांधतो आणि संकटासाठी ठेवलेली सगळी जागा रोजच्या वापरात घालवून टाकतो.

एक मीटर उंचीवर तिसरा फ्लोट लावा. तो पंपाला जोडायचा नाही, भोंग्याला जोडायचा, आणि सिम कार्डावर चालणारा अलार्म घेतलात तर तीन जणांच्या फोनला जोडा. भोंग्याला बॅटरी वेगळी हवी. पॅनेल जनरेटरवर घ्याच. जिन्यातले दिवे थोडे कमी केले तरी चालतील.

आता तो १६० चा पाइप. आतून साधारण १४५ मिमी. तुमचा पंप पस्तीस मिनिटांत १०,३०० लिटर आणि त्या वेळात घरांकडून येत राहिलेलं पाणी उपसतो, म्हणजे सेकंदाला सहा लिटरच्या आसपास. एवढ्या रुंद पाइपात ते सेकंदाला ०.३६ मीटर वेगाने जातं. चढवणाऱ्या पाइपात निदान ०.८ मीटर लागतो, नाहीतर रेती आणि मळ तळाला बसतो. पाइप मोठा घेतला म्हणजे चांगला घेतला, असं लोकांना वाटतं. ड्रेनेजमध्ये ते खरं नाही. ११० चा पाइप घातला असता तर त्याच सहा लिटरला जवळपास ०.८ मीटर वेग मिळाला असता. शिवाय १६० च्या पाइपात साडेदहा हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे विहिरीतून निघालेलं पाणी वाटेतही सरासरी तीन तास मुक्काम करतं. पाइप लगेच बदला असं मी म्हणत नाही. वर्षातून एकदा जेटिंगच्या (जोराच्या दाबाने पाणी मारणाऱ्या) गाडीने आतून धुऊन घ्या, आणि दोन्ही पंप आलटूनपालटून चालतील असं पॅनेलमध्ये करून घ्या. दिवसातून एकदा विहीर मुद्दाम दीड मीटर भरू देऊन दोन्ही एकत्र चालवले तर पाइप थोडा धुतला जाईल. मात्र दोन पंप लावले म्हणून पाणी दुप्पट जात नाही, हे लक्षात ठेवा.

सातपूरच्या मित्रांनी विचारलेला आवाज महत्त्वाचा आहे. पहाटे दोन-तीनला, घरं झोपलेली असताना, पंप बंद झाल्यावर दहा मिनिटांत पातळी किती चढते ते मोजा.

नाल्याकाठची

मिस्टरांना घेऊन पहाटे अडीचला गेले. दहा मिनिटांत अर्धा मीटर चढली.

वायंडिंगवाला, सातपूर

मग एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसत नाहीये. अर्धा मीटर म्हणजे जवळपास अडीच हजार लिटर तुमच्याच पाइपातून परत आलं. पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा चढवतोय, बिल तुम्ही भरताय. आत फडकं किंवा दगड अडकला असेल. व्हॉल्व्ह विहिरीच्या बाहेर वेगळ्या चेंबरमध्ये असेल तर सोपं आहे. पुढचा स्लूस व्हॉल्व्ह (हाताने पाइप बंद करायचा व्हॉल्व्ह) बंद करायचा, एनआरव्हीचं झाकण खोलायचं, साफ करायचं. पण तो चेंबरही छातीएवढा खोल असला तर आधी उघडून हवा खेळू द्या, आत मैल्याचं पाणी साचलेलं नाही ना बघा. तोही खड्डाच आहे.

लीड्सहून

मी इथे नव्या गृहवसाहतींची ड्रेनेज डिझाइन तपासते, माहेर नाशिकचं. इथे बिल्डरला असं पंपिंग स्टेशन पाणी कंपनीच्या ताब्यात द्यायचं असेल तर पंप बंद पडल्यावर साठा राहील इतकी जागा दाखवावी लागते: घरामागे १६० लिटर. तुमच्या १४४ घरांना तो २३ हजार लिटर होईल. काकांनी सांगितलेला फ्लोट खाली आणला तरी तुम्हाला ९,३०० मिळतात. म्हणून शक्य असेल तर विहिरीशेजारी जास्तीच्या साठ्याची एक बंद टाकी जोडून घ्या. ती एरवी रिकामी राहील आणि पातळी वाढली तरच भरेल अशा उंचीवर ठेवा, आणि तळाला विहिरीकडे उतार द्या म्हणजे आपोआप रिकामी होते. इथे वीस घरांच्या वरच्या स्टेशनला घरापासून १५ मीटर अंतर ठेवतात आणि टँकर दारापर्यंत येईल असा रस्ता मागतात. तुमच्याकडे टँकर विहिरीपर्यंत जातो का? त्या रात्री पाइप किती लांब ओढावा लागला?

नाल्याकाठची

ताई, चाळीस मीटर. मध्ये बागेचा कठडा आहे. तो तोडून फाटक करायचं हे मी लिहून घेतलंय.

हडपसरचा अध्यक्ष

खर्चाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ताबा २०२२ चा असेल तर घाई करा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवासुविधांमधला दोष दाखवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. 'सोसायटीकडे दिलं' म्हणून ही जबाबदारी संपत नाही. स्लॅबची झीज, गाइड पाइप नसणं, चुकीचा पाइप, पॅनेल जनरेटरवर नसणं, हे सगळं फोटो आणि मापांसह एका पत्रात घाला आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. आम्ही आमच्या सोसायटीत तोंडी बोलण्यात दोन वर्षं घालवली, ती चूक करू नका. पत्रासोबत पंपांची माहितीपत्रकं, पॅनेलचा नकाशा आणि पाइप प्रत्यक्षात कुठून गेलाय त्याचा नकाशाही मागा. पाइप कुठे आहे हे माहीत नसेल तर पुढे कुणी तरी गॅसची लाइन टाकताना तो फोडतो.

सेवानिवृत्त उपअभियंता

एक राहिलं. गाइड पाइप आणि डक-फूट बसवायला एकदा माणसाला तळाशी जावंच लागेल. तेव्हा 'उतरायचंच नाही' म्हणून काम अडवू नका, पण ते काम रोजच्या ठेकेदाराला देऊ नका. येणारा पाइप फुग्याने बंद करून पाणी टँकरने बाहेरच्या बाहेर न्यायचं. विहीर वरून धुऊन पूर्ण रिकामी करायची. ब्लोअरने तळाशी ताजी हवा सोडायची आणि काम संपेपर्यंत चालू ठेवायची. चार वायू मोजणारा मीटर दोरीने खाली सोडून आकडे वहीत लिहायचे, मग माणूस. अंगात पूर्ण हार्नेस, वर तिपाई आणि हाताने फिरवायची विंच, वर दोन माणसं, आणि खालच्याच्या कमरेलाही मीटर. तो वाजला की प्रश्न न विचारता वर ओढायचं. यातली एक वस्तू नसेल तर त्या दिवशी काम नाही. तुम्ही स्वतः हजर राहा. त्या शनिवारी ज्याने शिडीवरून माणूस वर घेतला तोच हात तिथे हवा.

नाल्याकाठची

सर्वांना कळवते.

फ्लोट मंगळवारी खाली आणला. सातपूरच्या दादांनी स्वतः येऊन एनआरव्ही खोलला. आत एक बाळाचं झबलं आणि अर्धी वीट होती. आता पंप साडेचार-पाच मिनिटं चालतो आणि थांबतो, आवाज येत नाही. विहिरीशेजारच्या आजींनी काल तीन वर्षांत पहिल्यांदा मागची खिडकी उघडली, हे त्यांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं.

बिल्डरला पत्र गेलं, सोबत अकरा फोटो. सभेत २०१३ चा कायदा वाचला. दोघांनी विचारलं की रात्री अडीचला टँकरचे पैसे कुठून आणायचे. घरटी शंभर रुपये महिना वेगळे काढायचे असं ठरलं, १४४ पैकी ११९ घरांनी हात वर केला. ठेकेदार बदलला आहे. त्या मुलाला शोधून काढलं, तो आता शेजारच्या वसाहतीत हेच काम करतो. त्यांच्या विहिरीतही पंप दोरीलाच लटकवलेला आहे. तिथल्या सेक्रेटरींना हा धागा पाठवलाय, आणि रविवारी सकाळी टेप-टॉर्च घेऊन त्यांच्याकडे जाते आहे. काका, त्यांची विहीर चौकोनी आहे, दोन मीटर बाय तीन मीटर. मापं घेतली की इथेच टाकते, हिशोब तुम्ही तपासून द्या.